कागदावर साफ येणारी रेघ टॅब्लेटवर का थरथरते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सेलूचे, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ए ग्रेड, कागदावर हात चांगला चालतो. दिवाळीत छोटा, स्क्रीन नसलेला पेन टॅब्लेट (लॅपटॉपला जोडून पेनने काढायची पाटी) घेतला. त्यावर सरळ रेघ थरथरते, गोल चपटा येतो आणि गोलाची दोन टोकं एकमेकांना भेटत नाहीत. व्हिडिओत सांगतात म्हणून रोज पानभर गोल काढले, तरी फरक नाही. आता स्क्रीनवाला टॅब्लेट घ्यावा, की आपला हात डिजिटलसाठी नाहीच असं समजावं? वडील म्हणतात, आधी आहे तो तर नीट चालव.

वडिलांशी मी सहमत आहे. ज्याचा हात दोन ग्रेड परीक्षांत मुक्तहस्त रेघ ओढून तयार झालाय, तो हात टॅब्लेटवर अचानक बिघडत नाही. तुम्ही ज्याला थरथर म्हणताय त्यात थोडा वाटा यंत्राचा असतो, थोडा मापाचा, आणि सगळ्यात मोठा वाटा टॅब्लेट आपल्याला लावतो त्या एका सवयीचा. हे वेगळं केल्याशिवाय सराव केला तर चुकीच्याच गोष्टीचा सराव होतो. तुमचं पानभर गोलांचं तसंच झालं असावं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुम्हाला कॉमिक्स किंवा पुस्तकांची रेखाचित्रं करायची असतील तर रेघेवरचा ताबा हेच तुमचं भांडवल. रंगाचे थर देत पेंटिंग करायचं असेल तर इतका हट्ट धरायची गरज नाही, तिथे आकार आणि छटा जास्त महत्त्वाच्या. तुमचा टॅब्लेट कोणता आणि लॅपटॉप किती जुना हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे सुरुवात यंत्रापासून करू.

एक प्लास्टिकची फूटपट्टी घ्या. स्टीलची नको, धातूमुळे पेनची जागा चुकीची वाचली जाऊ शकते. पट्टी टॅब्लेटवर तिरकी ठेवा, सॉफ्टवेअरमधलं रेघ गुळगुळीत करणारं सेटिंग पूर्ण बंद करा, आणि पट्टीला पेन टेकवून अगदी सावकाश रेघ ओढा. पट्टीला धरून हाताला थरथरायला वावच नाही. तरीही रेघ सापासारखी आली, ठरावीक अंतराने लाटा दिसल्या, तर दोष हाताचा नाही. स्वस्त टॅब्लेटवर तिरक्या, सावकाश रेघेत असा कंप कमीजास्त दिसतोच. जोरात ओढलेल्या रेघेत तो लपतो.

मात्र टॅब्लेटला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि तीच रेघ पुन्हा ओढा. बिनबॅटरीच्या पेनचे बहुतेक टॅब्लेट विद्युतचुंबकीय पद्धतीने चालतात. पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते, ती क्षेत्र तयार करते, पेनमधलं सर्किट त्याला प्रतिसाद देतं आणि त्यावरून टोकाची जागा ठरते. या मोजणीत चार्जरचा गोंगाट शिरला की टोक जागच्या जागी नाचायला लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या वायरिंगच्या घरांत थ्री पिन सॉकेटचं मोठं भोक असतं, पण त्यामागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर हाच संशय घ्यायचा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीची रेघ लाइट गेली की सुधारायची. लोडशेडिंगचा तेवढाच एक फायदा! मग तिच्या घरी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घेतलं आणि विषय मिटला. तोवर बॅटरीवर काम करा आणि मोबाईल टॅब्लेटपासून लांब ठेवा.

आता चपट्या गोलाकडे. यात बहुधा तुमची काहीच चूक नाही. वॅकॉमच्या छोट्या मॉडेलचं उदाहरण घेऊ. त्याचं काम करायचं क्षेत्र १५२ बाय ९५ मिमी, म्हणजे १६:१० चं प्रमाण. लॅपटॉपचा स्क्रीन बहुतेक वेळा १६:९ असतो. ड्रायव्हर, म्हणजे टॅब्लेट चालवणारं सॉफ्टवेअर, हे क्षेत्र ताणून पूर्ण स्क्रीनवर बसवतो, त्यामुळे तुमच्या हाताने काढलेला अचूक गोल स्क्रीनवर साधारण ११ टक्के आडवा पसरतो. ड्रायव्हरच्या मॅपिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो. वॅकॉममध्ये त्याला ‘फोर्स प्रपोर्शन्स’ म्हणतात, इतरांत वेगळं नाव असेल. तो चालू करा. टॅब्लेटची खालची साडेनऊ मिमीची पट्टी वाया जाईल, जाऊ द्या. जोडीला दुसरा मॉनिटर असेल तर मॅपिंग एकाच स्क्रीनपुरतं ठेवा. आणि पेन ‘माऊस मोड’वर नाही ना, हेही बघा. चित्रासाठी टॅब्लेटवरचा प्रत्येक बिंदू स्क्रीनवरच्या एकाच ठरलेल्या बिंदूशी बांधलेला हवा.

रेघ आडवी ओढायला गेलं की उतरती येते का? टॅब्लेट तुमच्यासमोर वाकडा ठेवलेला असणार. डोळे मिटून, तुमच्या अंदाजाने आडवी असेल अशी एक रेघ ओढा, डोळे उघडा, आणि जितकी कललेली दिसेल तितका टॅब्लेट फिरवा. दोन-तीनदा करून बघितलं की तुमच्या हाताला साजेशी जागा सापडते. टेबलावर तिथे चिकटपट्टीची खूण करून ठेवा, रोज टॅब्लेट त्याच जागी बसला पाहिजे.

विंडोज असेल तर एक शेवटची गोष्ट. पेन दाबून धरल्यावर राइट क्लिक होण्याचं सेटिंग बंद करा. ते चालू असलं की रेघेची सुरुवात अडखळते आणि माणूस उगाच पेन जोरात दाबायला लागतो. क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत. एकाने त्रास दिला तर दुसरा निवडा आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करा. प्रेशर, म्हणजे पेनवरचा दाब, २०४८ पातळ्यांचं की ८१९२ चं, या वादात वेळ घालवू नका. हाताला तो फरक कळत नाही.

एवढं झालं की यंत्राचा विषय संपला. इथून पुढे जे वाकडं येईल ते आपलं.

मापाचा भाग असा. १५.६ इंची लॅपटॉपचा स्क्रीन सुमारे ३४५ मिमी रुंद असतो आणि तुमचं क्षेत्र १५२ मिमी. म्हणजे हात १ मिमी सरकला की स्क्रीनवर रेघ सव्वादोन मिमी सरकते. कागदावर न दिसणारा कंप इथे सव्वादोन पट होऊन दिसतो. मध्यम आकाराच्या, २१६ मिमी रुंद टॅब्लेटवर हेच प्रमाण १.६ वर येतं. म्हणून पुढे कधी टॅब्लेट बदललाच तर मध्यम आकार बघा, पण आज तुमच्यापुढे तो प्रश्न नाही. छोट्या क्षेत्रामुळे दुसरंच एक नुकसान होतं. माणूस मनगट टेकवून फक्त बोटांनी काढायला लागतो. बोटांची झेप दोन-तीन सेंटिमीटरची, तीही कमानीसारखी. लांब सरळ रेघ बोटांनी येतच नाही, तुकड्यातुकड्यांनी येते.

माझे वडील लातूरला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आल्यावर ते काम थांबलं, पण लहानपणी मी त्यांच्याशेजारी डबे धरून उभी असायची. खडू चोळलेला दोरा ताणून पत्र्यावर फटका मारला की अक्षरांची खालची-वरची रेघ उमटायची. मग डाव्या हातात काठी, तिचं कापड गुंडाळलेलं टोक पाटीच्या कडेला टेकवलेलं, आणि उजवा हात त्या काठीवर. ‘किराणा’मधल्या कान्यांच्या उभ्या रेघा ते वरून खाली एका दमात ओढायचे. मनगट हलायचं नाही, कोपर आणि खांदा चालायचा. अक्षराची गाठ किंवा वळण आलं की मगच बोटं. टॅब्लेटवर मी तेच करते. लांब रेघेला कोपर, मोठ्या गोलाला खांदा, नाकडोळ्यांना बोटं. छोट्या टॅब्लेटवर खांदा वापरायचा म्हणजे हालचाल मोठी करायची असं नाही. हालचाल लहानच राहते, पण सुरुवात खांद्यापासून होते आणि मनगट अधांतरी किंवा अगदी हलकं टेकलेलं असतं. पहिले काही दिवस हे फार विचित्र वाटेल, रेघ आधीपेक्षा वाईट येईल. येऊ द्या.

डोळ्याचं काय करायचं, हा पुढचा मुद्दा. कागदावर आपण पेन्सिलच्या टोकाकडे बघतो. इथे टोक टेबलावर आणि रेघ समोर, म्हणून नवीन माणूस कर्सरचा पाठलाग करतो. कर्सर जरा हलला की डोळा दचकतो, हात दुरुस्त करतो, ती दुरुस्ती सव्वादोन पट होते, पुन्हा दुरुस्ती. थरथर म्हणून जी दिसते ती बरीचशी या दुरुस्त्यांची माळ असते. तिफण धरणारा माणूस फणाकडे बघत नाही, समोरच्या बांधावरची एखादी बोरी-बाभळ धरतो, म्हणून ओळ सरळ जाते. रेघ जिथे संपायची आहे तिथे एक ठिपका द्या, नजर त्या ठिपक्यावर ठेवा आणि हाताला जाऊ द्या.

आता ती सवय. कंट्रोल झेड, म्हणजे अनडू, काढलेली रेघ मागे घेणं. कागदावर प्रत्येक रेघेची किंमत असते. शाई सांडली तर पान गेलं. म्हणून तुमचा हात परीक्षेत रेघ ओढण्याआधी क्षणभर थांबायचा, अंतर जोखायचा, मग निघायचा. टॅब्लेटवर रेघ फुकट आहे. मग आपण ओढतो, पुसतो, ओढतो, पुसतो, आणि सातव्या वेळी नशिबाने बरी आली की ठेवतो. त्यात हात काही शिकत नाही, कारण प्रत्येक रेघ निर्णयाशिवाय निघालेली असते. पानभर गोल काढूनही फरक पडत नाही तो यामुळे. गोल संख्येने काढले गेले, एकही गोल ठरवून काढला गेला नाही. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकात मला हेच दिसतं, आणि हात चांगला असलेल्यांत जास्त दिसतं, कारण त्यांना वाईट रेघ डोळ्यांसमोर सहन होत नाही.

म्हणून सरावाच्या वेळी अनडूला बंदी. पेनच्या बटणावर अनडू लावलं असेल तर ते बटण रिकामं करा. ए४ चा कॅनव्हास घ्या, ३०० डीपीआयला तो २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो. आडवा ठेवा आणि पूर्ण पान स्क्रीनवर दिसेल एवढाच झूम ठेवा. सराव संपेपर्यंत झूम बदलायचा नाही. एकाच जाडीचा साधा गोल ब्रश, प्रेशरने जाडी बदलणार नाही असा. देखणा ब्रश थरथर झाकतो, आणि आपल्याला ती बघायची आहे.

दोन ठिपके द्या, हाताच्या रुंदीएवढ्या अंतरावर. पेन टॅब्लेटवर न टेकवता, पाव इंचभर वर धरून, एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे दोन-तीनदा हवेत फिरवा. कर्सर स्क्रीनवर फिरताना दिसेल, हा टॅब्लेटचा कागदावर नसलेला फायदा आहे. हालचाल बसली असं वाटलं की त्याच वेगात पेन टेकवा आणि निघा. नजर दुसऱ्या ठिपक्यावर. रेघ कशीही आली तरी तिला हात लावायचा नाही. पुढचे दोन ठिपके, वेगळ्या कोनात. पान भरलं की वर नवा लेयर (पारदर्शक थर) घ्या, लाल रंगाने जिथे रेघ चुकली तिथे खुणा करा आणि चूक कोणत्या जातीची ते बघा. रेघ गुळगुळीत आहे पण ठिपका हुकला, तर वेग जरा कमी करा. ठिपका बरोबर गाठला पण रेघ थरथरती, तर वेग वाढवा. रेघ प्रत्येक वेळी एकाच बाजूला कमानीसारखी झुकते, तर तुम्ही अजून मनगटावर फिरताय. शेवटाला आकडा वळतो, तर पेन थांबवून उचलताय. ठिपक्याच्या पुढे हवेत निघून जाऊ द्या. हुकलेली पण गुळगुळीत रेघ आणि अचूक पण थरथरती रेघ यांत मी हुकलेली निवडते. नेम नंतर येतो, आणि येतोच. थरथरीची सवय लागली की सोडवायला फार वेळ जातो.

स्टॅबिलायझरबद्दल, म्हणजे रेघ आपोआप गुळगुळीत करणाऱ्या सेटिंगबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. क्रिटात फ्रीहँड ब्रशच्या टूल ऑप्शन्समध्ये स्मूदिंगचे पर्याय आहेत: काहीच नाही, बेसिक, वेटेड आणि स्टॅबिलायझर. सराव ‘काहीच नाही’वर. पैसे घेऊन शाईकाम करताना मी स्वतः वेटेड वापरते, त्यात लाज कसली. पण स्टॅबिलायझर म्हणजे रेघ हाताच्या मागून ओढत येणं, आणि त्या मागे राहण्याची सवय झाली की डोळ्याला खरी रेघ कळेनाशी होते.

गोलांकडे या, पण सुटे गोल नकोत. घरातला तांब्या, स्टीलचा ग्लास, पाण्याचा रांजण समोर ठेवा. वस्तुचित्रात तुम्ही हे केलंय. तोंडाचा लंबगोल डोळ्याच्या पातळीजवळ चपटा आणि तळाकडे जाता जाता जास्त गोल होतो, हे परीक्षेला पाठ असतं. आता तेच टॅब्लेटवर, आधी उभा अक्ष, मग त्यावर आडवे लंबगोल, प्रत्येक लंबगोल न थांबता दोनदा फिरवलेला. दोन फेऱ्या एकमेकींवर बसल्या तर हात खांद्यातून चाललाय. टोकं भेटत नाहीत ही तुमची तक्रार इथे आपोआप जाते, कारण दोन फेऱ्यांत टोक असं उरतच नाही. वस्तूचा लंबगोल चुकला की ग्लास कलंडलेला दिसतो, चूक लगेच कळते. सुट्या गोलाची चूक आपण स्वतःला माफ करून टाकतो.

सरळ रेघांसाठी तुमच्या भागात माळवदाच्या घरांसारखा विषय नाही. सपाट धाबं, जाड भिंती, लहान खिडक्या, पुढे ओटा. सगळं ठोकळ्यांत मावतं. दोन अदृश्य बिंदू (मागे जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात ते) धरून एक घर यथार्थदर्शनात काढा, मग शेजारी दुसरं, उंचीला कमी. लांब रेघा कोपरातून, आणि कॅनव्हास फिरवायला अजिबात संकोच नको. कागद आपण फिरवतोच की. क्रिटात ४ आणि ६ या कळांनी पान फिरतं, ५ ने सरळ होतं. एम दाबला की चित्र आरशात दिसतं आणि घर कुठे कललंय ते झटक्यात कळतं.

वळणदार रेघेसाठी लोक पैठणीवरचे मोर, वेली काढायला सांगतात. नक्षी शिकायला ते उत्तम, पण रेघेच्या सरावाला मी देत नाही. विणकामातलं वळण धाग्यांच्या मोजणीवर पायऱ्यापायऱ्यांनी वळतं, त्यात वाहती रेघ नसते. वाहती रेघ बघायची तर अजिंठा. लेणी क्रमांक १ मधल्या पद्मपाणीचा चांगला मोठा फोटो घ्या. भुवई, खांद्यावरून दंडाकडे उतरणारी कड, कमळ धरलेली बोटं. तिथल्या चित्रकारांनी आधी गेरूने बाह्यरेषा केली, मग रंग भरले आणि शेवटी गडद रेघेने कडा पुन्हा पक्क्या केल्या. तुम्ही फक्त ती शेवटची रेघ काढा, फोटो शेजारी ठेवून, गिरवून नाही. एक वळण, एक रेघ. दंडाची कड तीन तुकड्यांत जमत असेल तर जमलेली नाही असं समजा. इथे प्रेशरने जाडी बदलणारा ब्रश चालू करा, कारण या रेघेचा अर्धा जीव जाडबारीकपणात आहे. फार दाबावं लागत असेल तर ड्रायव्हरमध्ये पेनच्या टोकाचं सेटिंग मऊ करा. दाबून काढलेली रेघ जड येते आणि बोटं अर्ध्या तासात भरून येतात.

उन्हाळ्यात आपल्याकडे तळहात टॅब्लेटला चिकटतो आणि रेघ मध्येच अडकते. जुना सुती मोजा कापून करंगळी आणि शेजारच्या बोटापुरता हातमोजा करा, विकतच्याइतकाच चालतो. पृष्ठभाग फार गुळगुळीत वाटत असेल तर वर साधा कागद चिकटवा, पेन त्यातून व्यवस्थित चालतं आणि ओळखीची खरखर मिळते. निब, म्हणजे पेनचं बदलता येणारं टोक, मात्र लवकर झिजते. ती एका बाजूने छिन्नीसारखी तिरकी झाली की बदला, नाहीतर पृष्ठभागावर ओरखडे उठतात.

स्क्रीनवाल्या टॅब्लेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. त्याने डोळा आणि हात एका जागी येतात आणि माप वाढण्याचा प्रश्न मिटतो, हे खरं. पण अनडूची सवय तशीच राहते, मान खाली घालून बसावं लागतं, केबलींचा पसारा वाढतो आणि पैसे बरेच जातात. रोजचं शाईकाम मिळायला लागलं आणि त्या कामाच्या पैशातून घेता आला तर जरूर घ्या. माझ्या ओळखीचे काहीजण दोन्ही बाळगून शेवटी साध्यावरच काम करतात, मान दुखत नाही म्हणून.

किती दिवस, याला एकच उत्तर नाही. डोळा स्क्रीनवर आणि हात टेबलावर हे जुळायला कोणाला पंधरवडा लागतो, कोणाला दोन महिने. रोज वीस-पंचवीस मिनिटं वरचा सराव पुरे. त्यानंतर तितकाच वेळ मनाला येईल ते काढा, अनडू वापरून, झूम करून, हवं तसं. नुसत्या रेघा ओढत बसलेला माणूस महिन्याभरात टॅब्लेट कपाटात टाकतो. आणि कागद सोडू नका, वहीत बॉलपेनने रोज थोडं काढत राहा. खोडता येत नसल्याने तिथे थांबून निघण्याची सवय टिकते.

आधी पट्टीची ती तिरकी रेघ काढा, एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून, आणि दोन्हींचे स्क्रीनशॉट टॅब्लेटच्या मॉडेलसकट इथे टाका. दोन्हींत लाटा सारख्याच दिसल्या तर ड्रायव्हरचं बघू.